माहुलीच्या घाटावरचा हिशेब

गोष्ट १९९७ सालातली. दिवाळी सरून पंधरवडा झाला होता. फराळाच्या डब्यांत तळाशी मोडक्या चकल्या आणि चिवड्यातल्या मिरच्या तेवढ्या उरल्या होत्या. 'चार दिवस साताऱ्याला आत्याकडे जाऊन येते,' असं मी घरात सांगितलं, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, 'एकटीच?'

'हो, एकटीच.'

सासूबाईंनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. लग्न नाही, मुंज नाही, कुणाचं आजारपण नाही, आणि सून एकटी माहेरच्या माणसांकडे निघते म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलंय, हे त्यांना न सांगता कळलं. बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. फक्त पिशवीत लाडवांचा डबा घालून दिला.

बिनसलं होतं ते घरात नव्हे, कचेरीत. आणि खरं सांगायचं तर तिथेही तसं बिनसलेलं काही दाखवता येत नव्हतं! पुण्यातल्या एका खासगी कंपनीत बिलांच्या खात्यात मी नोकरीला होते. १ जुलै १९८३ ला रुजू झाले. आलेलं बिल घ्यायचं, मालाच्या पावतीशी पडताळायचं, बेरीज तपासायची, शिक्का मारायचा, सही करायची आणि कागद उजवीकडच्या ट्रेमध्ये टाकायचा. पगार वेळेवर. डोक्यावर पंखा. डबा खायला चार मैत्रिणी. शेजारच्या वहिनी तर म्हणायच्या, 'तुमचं काय बाई, सुखाची नोकरी!'

एकदा डबा खाता खाता मी सहज हिशेब केला. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली मी, आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. रोजची साठ बिलं, वर्षाचे कामाचे दोनशे ऐंशी दिवस, अशी चौदा वर्षं. दोन लाख पस्तीस हजारांच्या वर बिलं माझ्या हातांखालून गेली होती. आणि त्यांतलं एकही मला आठवत नव्हतं. हातातली पोळी तशीच राहिली.

त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या आळीतली एक मुलगी दहावीला गणितात नापास झाली. बाकीच्या विषयांत बरी होती. घरचे म्हणाले, 'आता पुरे झालं शिक्षण, स्थळं बघू.' तिची आई माझ्याकडे येऊन रडली. मी म्हटलं, 'ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत मला द्या तिला.' रोज संध्याकाळी सातला, कुकर लावून मी तिला घेऊन बसायची. पोरीला अपूर्णांकच मुळात कधी कळले नव्हते; त्यावरचं सगळं बांधकाम डळमळत होतं. पोळीचे तुकडे करून आम्ही पाचवीपासून सुरुवात केली. परीक्षेच्या दिवशी ती प्रश्नपत्रिका हातात घेऊन धावत वर आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, 'काकू, सगळं येत होतं!' त्या दीड तासाच्या शिकवणीनं मी कधी दमले नाही. दमायची ती दिवसभराच्या आठ तासांनी.

आणि दिवाळीच्या तोंडावर साहेबांनी सगळ्यांसमोर मला बोल लावला. दशांशचिन्ह चुकलं होतं. चूक माझी नव्हती, त्यांच्याच टिपणातली होती. पण ते ऐकून घ्यायला त्यांना वेळ नव्हता. त्या रात्री मी राजीनामा लिहिला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी घालून ठेवला. साताऱ्याला निघाले तेव्हा तो माझ्याबरोबर होता.

स्वारगेटहून सकाळची एस.टी. पकडली. खिडकीची जागा मिळाली म्हणजे निम्मा प्रवास सुखाचा! कात्रजचा घाट ओलांडला आणि हवेत गारवा जाणवू लागला. शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. तेव्हा खंबाटकीचा घाट जाता-येता, दोन्ही वेळा पार करावा लागे. गाडी पहिल्या गियरमध्ये कण्हत चढत होती. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी पदरातून भुईमुगाच्या शेंगा काढून न विचारताच माझ्या ओंजळीत घातल्या. 'खा गं. रिकाम्या पोटी घाट लागतोय.' घाट उतरल्यावर सुरूरचा वाईकडे जाणारा फाटा, मग पाचवड. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याएवढी झालेली, उसाला तुरे येऊ लागलेले. अकराच्या सुमारास अजिंक्यतारा दिसू लागला. साताऱ्यात कुठेही उभं राहा, हा किल्ला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा डोक्यावर बसलेला असतो.

आत्याचं घर मंगळवार पेठेत. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर तुळस. आत्या अठ्ठावीस वर्षांची असताना काका गेले. त्यानंतर तिनं प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली, दोन मुलांना शिकवलं, त्यांची लग्नं केली. आता पेन्शन घेते आणि कुणाचंही शुद्धलेखन चुकलं की तपासते.

रात्री जेवणं झाल्यावर मी तिला कागद दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला. कागद इंग्रजीत होता, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा नक्की झाल्या असत्या.

'साहेब काय म्हणाला, ते सांग आधी,' ती म्हणाली.

मी थक्क झाले. राजीनाम्यात साहेबांचं नावही नव्हतं.

'अगं, चौदा वर्षांची नोकरी चार ओळींत संपवतेस, त्यात दोनदा अपमान हा शब्द आहे. कुणीतरी काहीतरी बोललं असणारच.'

मी सगळं सांगितलं. बिलांचं, दशांशचिन्हाचं, आळीतल्या मुलीचं. आत्यानं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता ती पाठीवर हात ठेवून 'दे सोडून' म्हणेल. ती म्हणाली, 'मुळीच सोडू नकोस.'

'पण आत्या...'

'पण नाही नि बिण नाही. मला कुणी विचारलं होतं का, तुला शाळा आवडते का म्हणून? साठ-साठ पोरं एका वर्गात, पावसाळ्यात गळणारं छप्पर. पण पहिल्या तारखेला पगार हातात आला की दीर-जावेसमोर मला ताठ बसता यायचं. तुम्ही आजकालच्या मुली आवड-नावड बघता. आवड पोट भरल्यावर असते बाई.'

मला काही उत्तर सुचलं नाही. तिचं खरंच होतं. तिच्या त्या पगारातूनच माझ्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची फी गेली होती, हे मला ठाऊक होतं. तिनं मात्र ते तेव्हाही बोलून दाखवलं नाही. दिवा मालवताना एवढंच म्हणाली, 'उद्या माहुलीला जाऊ. त्रिपुरी पौर्णिमेला गुडघ्यांनी मला जाऊ दिलं नाही. दर्शन राहिलंय.'

माहुली साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर, कोरेगावच्या रस्त्याला. महाबळेश्वरहून निघालेल्या दोन बहिणी, कृष्णा आणि वेण्णा, इथे पुन्हा भेटतात. एका काठाला संगम माहुली, पलीकडच्या काठाला क्षेत्र माहुली. संगमावरचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेलं. काळ्या पाषाणाचं, दगडी दीपमाळेचं. समोर नदीपलीकडे रामेश्वर. दोन्ही देवळं एकमेकांकडे बघत उभी आहेत आणि मधून पाणी वाहतंय. पावसाळ्यात हेच पाणी घाटाच्या पायऱ्या गिळून टाकतं. आम्ही गेलो तेव्हा ते निवळशंख होतं, तळाचे गोटे दिसत होते. त्रिपुरीच्या पणत्यांचे काळे तेलकट डाग अजून पायऱ्यांवर होते.

हा घाट फक्त देवदर्शनाचा नाही. साताऱ्याच्या राजघराण्याची शेवटची जागाही हीच. ताराराणीसाहेबांची समाधी इथे, थोरल्या शाहू महाराजांची इथे. आणि शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही इथेच! शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा सांगतात. आत्या ती सांगू लागली तेव्हा मी म्हटलं, 'बघ, इमानदारीनं चाकरी केली तर कुत्र्यालासुद्धा पालखी मिळाली. आमच्या कचेरीत चौदा वर्षांनी नवी खुर्चीसुद्धा मिळत नाही.' आत्या खळखळून हसली. आदल्या रात्रीपासून दोघींच्या मध्ये जे काही ताणलेलं होतं, ते तिथे जरा सैल झालं.

दर्शन घेऊन आम्ही पायऱ्यांवर बसलो. पलीकडचा काठ दाखवत आत्या म्हणाली, 'ते क्षेत्र माहुली. रामशास्त्र्यांचं गाव. शाळेत किती वर्षं शिकवला तो धडा!'

रामशास्त्री प्रभुणे. आपल्या सगळ्यांना ते ठाऊक असतात ते पाठ्यपुस्तकामुळे, नाहीतर प्रभातच्या १९४४ सालच्या चित्रपटामुळे. लहानपणी पोरके झालेले, साताऱ्यात एका सावकाराकडे चाकरीला होते. एकदा सावकाराच्या पायांवर पाणी घालताना त्यांची नजर धन्याच्या कानातल्या भिकबाळीवर खिळली आणि पाणी भलतीकडेच सांडलं. सावकार म्हणाला, 'असला दागिना विद्येनं मिळतो, नाहीतर तलवारीनं. पाणी घालणाऱ्याला मिळत नाही.' पोरानं चाकरी सोडली आणि काशीची वाट धरली, अशी ही आख्यायिका. तिथे शास्त्र शिकले, परत आले, पेशव्यांच्या पदरी राहिले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

पुढची गोष्ट तर सर्वांना पाठच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबुवांनी चौकशी केली, राघोबादादांना दोषी ठरवलं आणि याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं नाही, असं तोंडावर सांगून पुणं सोडलं. वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

'धडा इथे संपतो,' आत्या म्हणाली. 'मुलं टाळ्या वाजवतात. पण गोष्ट इथे संपत नाही. राघोबांची सत्ता गेली, कारभाऱ्यांनी शास्त्र्यांना परत बोलावलं. तेव्हा ते काय म्हणाले असतील, सांग? एकदा सोडलं ते सोडलं?'

'परत गेले?'

'परत गेले. त्याच गादीवर बसले. १७८९ मध्ये वारले तोपर्यंत न्यायाचंच काम केलं.'

मैत्रिणींनो, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. किंवा कधी वाचलं असेल, तर त्याकडे लक्ष गेलं नव्हतं. मी पाण्याकडे बघत बसले. आपण लहानपणी गणितं सोडवायचो, तेव्हा उत्तर आलं की बाई म्हणायच्या, 'ताळा करून बघा.' भागाकार बरोबर आला की नाही, ते उलटा गुणाकार केल्यावर कळतं. रामशास्त्र्यांनी सावकाराची चाकरी सोडली आणि पुन्हा कधी तिकडे वळून पाहिलं नाही. न्यायासन सोडलं, पण सोडण्याचं कारण गेल्यावर परत येऊन बसले. दोन्ही वेळा त्यांनी काम सोडलं, पण दोन सोडण्यांत केवढा फरक! पहिल्या वेळी ते काम त्यांचं नव्हतंच. दुसऱ्या वेळी काम त्यांचंच होतं, फक्त वरचा धनी नको होता.

मग माझ्या पर्समधला राजीनामा यांतला कुठला? मी मनातल्या मनात ताळा केला. समजा, उद्या साहेबांची बदली झाली. समजा, माझी माफी मागून मला वरची जागा दिली, पगार वाढवला. समजा, बसही घरासमोरून सुटू लागली. सगळ्या तक्रारी एकेक करून खोडल्या. मग सोमवारी सकाळी मी आनंदानं कचेरीत जाईन का?

आतून उत्तर आलं, 'नाही.' ते इतकं चटकन आलं की माझी मीच दचकले.

मी आत्याला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. पदराच्या टोकानं चष्मा पुसला. मग म्हणाली, 'मी एकतीस वर्षांत हा ताळा कधी केला नाही. केला असता तर... जाऊ दे. मला करून चालण्यासारखंच नव्हतं.' त्या अर्ध्या वाक्यात काय होतं ते मी विचारलं नाही. आजही वाटतं, विचारायला हवं होतं.

थोड्या वेळानं तिचा नेहमीचा आवाज परत आला. 'पण ऐक. शास्त्रीबुवांनी राजीनामा दिला, तो त्यांना परवडला कसा, ते कुठल्या धड्यात देत नाहीत. त्यांच्या घरात म्हणे एका दिवसापुरताच शिधा असायचा. ज्याची गरज एका दिवसाची, त्याला पेशव्याची काय भीती? पण एका दिवसाच्या शिध्यावर घर चालवलं कुणी? बायकोनं! एकदा ती वाड्यावर गेली, तेव्हा पेशवीणबाईंनी तिला दागिन्यांनी मढवून पालखीतून घरी पाठवलं. शास्त्रीबुवा दारातून भोयांना म्हणाले, तुमचं घर चुकलं. बाई निमूट परत गेली, दागिने उतरवून ठेवले आणि साध्या वेषात घरी आली. सगळे शास्त्रीबुवांचं कौतुक करतात. तिला कुणी विचारलं?'

मी हसले. आत्या हसली नाही.

'हसू नकोस. तू रामशास्त्रीही आहेस आणि त्यांची बायकोही तूच. राजीनामा देणारीही तू, शिधा मोजणारीही तू. घाटावर बसून निम्मंच गणित झालंय. बाकीचं निम्मं डब्यांपाशी करायचं. चल घरी.'

घरी येऊन तिनं कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान फाडलं, मागची कोरी बाजू वर केली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. तो हिशेब इथे मुद्दाम देते. आकडे जुने आहेत, पण रीत जुनी झालेली नाही.

माझ्या हातात महिन्याला ४,४०० रुपये येत. आत्या म्हणाली, 'आधी नोकरी करायला किती खर्च येतो, तो लिही.' हे मी आयुष्यात केलं नव्हतं. बसचे १८० रुपये. मला वेळ नाही म्हणून ठेवलेल्या पोळ्यांच्या बाईंचे ३५०. कचेरीतला चहा आणि सतराशेसाठ वर्गण्या मिळून १२०. जाण्या-येण्याच्या साड्या, चपला, छत्री, सरासरी २००. आणि गणिताच्या पदवीधर आईच्या मुलाला गणिताच्या शिकवणीचे ३५०! बेरीज बाराशे. म्हणजे माझा खरा पगार ४,४०० नव्हता, ३,२०० होता.

त्यातले १,४५० घराच्या कर्जाच्या हप्त्यात जात, आणि ते हप्ते पुढच्या जूनमध्ये संपत होते. म्हणजे जूननंतर घराला माझ्याकडून खरोखर लागणार होते १,७५० रुपये. दरमहा दीडशे रुपये देणाऱ्या बारा मुली मिळाल्या तर १,८००. कागदावर तरी जमत होतं.

मग ग्रॅच्युइटी. त्या वेळच्या नियमाप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतात त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. माझे ३,९०० होते. दर वर्षाला २,२५० पडले. तेव्हाच सोडली असती तर चौदा वर्षांचे ३१,५०० मिळाले असते. जूनअखेर थांबले तर पंधरा वर्षांचे ३३,७५०. शिवाय प्रॉव्हिडंट फंड, ज्याला मुलाच्या शिक्षणाआधी हात लावायचा नाही, असं आत्यानं माझ्याकडून वदवून घेतलं. (आज कुणी हा हिशेब मांडणार असाल, तर सध्याचे नियम कचेरीत नीट विचारून घ्या. मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.)

'म्हणजे आठ महिने,' आत्या म्हणाली. 'आठ महिन्यांत राग उतरेल. उतरल्यावरही सोडावीशी वाटली, तर सोड. मग मी अडवणार नाही.'

निघताना मोती चौकातून घरच्यांसाठी कंदी पेढे घेतले. रात्री ह्यांच्यासमोर ते कॅलेंडरचं पान ठेवलं. ह्यांनी बेरीज दोनदा तपासली (मला थोडा रागच आला!) आणि म्हणाले, 'पोळ्यांची बाई बंद म्हणजे गरम पोळी मिळणार का?' हीच काय ती त्यांची संमती. सासूबाई मात्र आत जाताना पुटपुटल्या, 'चालती नोकरी कुणी सोडतं का?' त्यांचंही चूक नव्हतं.

आणि गंमत ऐका. फेब्रुवारीत साहेबांची खरोखरच दुसऱ्या शाखेत बदली झाली! नवे साहेब सज्जन. 'नमस्कार बाई' म्हणून बोलायचे, चूक झाली तर टेबलापाशी येऊन हळू आवाजात सांगायचे. मैत्रिणी म्हणाल्या, 'आता कशाला सोडतेस?' मीही स्वतःला तेच विचारलं. पंधरा दिवस वाट पाहिली. साहेब बदलले, पण सोमवारची सकाळ बदलली नाही. घाटावर मनाशी केलेला ताळा प्रत्यक्षातही तसाच आला. मेअखेर मी महिन्याची नोटीस दिली. या वेळी राजीनामा तीन ओळींचा होता आणि त्यात अपमान हा शब्द एकदाही नव्हता. ३० जून १९९८ ला मी शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली परत केली.

पुढे सगळं गोड झालं, असं मी लिहिणार नाही. बारा मुलींचा हिशेब केला होता, आल्या पाच. ग्रॅच्युइटीतले तीस हजार पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवले, त्याचे महिन्याला सव्वातीनशे येत. तरी पावणेसातशे कमीच पडत. रंगीत टीव्ही घ्यायचा होता तो राहिला. पहिल्याच श्रावणात नणंदेच्या घरच्या कार्याला साडी घ्यायची म्हणून ह्यांच्याकडे पैसे मागितले. ह्यांनी लगेच दिले, एक अक्षर बोलले नाहीत, पण माझी मान आपोआप खाली गेली. पंधरा वर्षांनी प्रथमच मागत होते ना! आत्या ताठ बसण्याबद्दल काय म्हणाली होती, ते त्या दिवशी मला कळलं. दुसऱ्याच आठवड्यात बँकेत स्वतःच्या नावाचं वेगळं खातं उघडलं आणि ठरवलं, शिकवणीची फी थोडी असो, आधी इथे पडेल, मग घरात जाईल. सोडणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिल्या दिवशीच करायला सांगते.

त्या पाच मुलींपैकी चौघी ऑक्टोबरमध्ये सुटल्या. पाचवी पुढच्या मार्चमध्ये. नंतर मुली वाढत गेल्या. तिसऱ्या वर्षी बारा झाल्या, तेव्हा मी ते कॅलेंडरचं पान काढून त्यावर तारीख घातली. आळीतल्या त्या पहिल्या मुलीचं लग्न झालं, पण बारावी झाल्यावर. आज तिची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. बिलं एकही आठवत नाही असं म्हणणारी मी, पण त्या मुलींची नावंच काय, कुणाला कुठलं गणित अडायचं तेसुद्धा सांगू शकते.

आत्या २००६ मध्ये गेली. तिच्या अस्थी आम्ही माहुलीलाच, संगमात सोडल्या. पाणी त्या दिवशीही निवळ होतं. तिचा मुलगा म्हणाला, 'आईला शिक्षिका व्हायचंच नव्हतं, माहीत आहे? तिला गाणं शिकायचं होतं.' मी पायरीवर बसून राहिले. ते अर्धं वाक्य नऊ वर्षांनी असं पुरं झालं.

हल्ली साताऱ्याला जाणारे बहुतेक जण थेट कासच्या पठाराकडे पळतात. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून तर फारच. फुलं जरूर बघा. पण परतताना वाट वाकडी करून तासभर माहुलीला जा. पावसाळा टाळा, दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पायरीवर सावलीला बसा. पर्समध्ये एखादा घडी घातलेला कागद असेल, तर तो नदीत टाकू नका आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावरही ठेवू नका. आधी ताळा करा. मग घरी जाऊन डबे उघडा आणि पेन्सिल घ्या.

आणि बरोबर एखादी आत्या आली असेल, तर तिचं अर्धं राहिलेलं वाक्य तेवढं पुरं करून घ्या.